जंतांचे निदान आणि शिक्षकांचे कर्तव्य



पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांचा पट्टा पसरला. परंतु बांधकामावरील मजुरांची मुले पुष्कळदा पत्र्याच्या खोल्यांतच वाढतात. जेथे शौचालये अपुरी, तेथे माती दूषित होते. आणि दूषित मातीतूनच जंत मुलांच्या पोटात शिरतात.

गोल जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लक्ष अंडी घालते. न धुतलेल्या हातांवाटे व कच्च्या भाजीपाल्यावाटे ती पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या त्वचेतूनच आत शिरते. हा कृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतो. मूल फिकट पडते, त्यास धाप लागते, वर्गात ते पेंगते. अशा मुलास 'मठ्ठ' म्हणणे सोपे आहे. पण तो शिक्का एकदा बसला, की त्याची तपासणी करावी असे कोणासही सुचत नाही.

निदान नजरेने होत नाही, विष्ठेच्या तपासणीने होते. स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत नमुना घ्यावा. त्यात लघवी वा पाणी मिसळू देऊ नये. तो शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा. तेथे तंत्रज्ञ सौम्य मिठाच्या पाण्यात व आयोडिनात नमुना कालवून सूक्ष्मदर्शकाखाली अंडी व कोष शोधतो. एकदा काही आढळले नाही, तरी शंका राहिल्यास निरनिराळ्या दिवशी तीन नमुने तपासावेत. सूतकृमीची अंडी मात्र विष्ठेत क्वचितच सापडतात. त्यांसाठी सकाळी शौच व स्नानापूर्वी गुदद्वाराशी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती पाहतात.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोल दिले जाते. दोन वर्षांवरील मुलास ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी द्यावी; तीन वर्षांखालील मुलास ती चुरून पाण्यातून, तर त्याहून मोठ्या मुलास चावून खावयास द्यावी. आजारी मुलास त्या दिवशी देऊ नये. मात्र या एका गोळीने जिआर्डियासारखा परजीवी हटेलच असे नाही. म्हणून दीर्घकाळ जुलाब होणाऱ्या मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडावे आणि तपासणीचा निष्कर्ष वर्गात कधीही उच्चारू नये.

गोळीच्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची यादी त्याच सायंकाळी करावी. हजेरीपटावर ज्यांचे नावच नाही, अशी वस्तीवरील मुले अंगणवाडीसेविकेच्या नजरेस आणावीत. गोळी चुकण्याचा संभव त्यांच्याच बाबतीत सर्वांत अधिक असतो.