जेवणालाही वेळ असते
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मुलांना काय खायला द्यावे, असे पालक नेहमी विचारतात. केव्हा द्यावे, हे क्वचितच कोणी विचारते. आज त्याविषयीच चार शब्द सांगणार आहे.

आपल्या मेंदूत एक छोटेसे केंद्र आहे. उजेड-अंधारावरून ते शरीराचे घड्याळ लावते. यकृत, स्वादुपिंड यांचीही आपापली घड्याळे असतात आणि ती बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर चालतात. पेशींतील या घड्याळाची रचना उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रात्री मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. ते शरीराला झोपेसाठी तयार करते. पण त्या वेळी इन्शुलिनचे काम मंदावते. म्हणून तीच भाकरी, तेच सालन उशिरा खाल्ले की रक्तातील साखर अधिक चढते. भरल्या पोटी आडवे झाल्यास आम्ल घशाशी येते, झोपमोड होते. वर्षानुवर्षे असे चालले की पोटाभोवती चरबी साचू शकते आणि ती चरबी दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात सोडते. हा दाह डोळ्यांना दिसत नाही, दुखतही नाही. पण मधुमेह व हृदयविकार यांना तो हातभार लावतो.

२०१२ साली अमेरिकेतील साल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना सारखेच स्निग्ध खाद्य दिले. काहींना दिवसरात्र, काहींना फक्त आठ तास. खाल्ले दोघांनी सारखेच, पण वेळ बांधलेल्यांत लठ्ठपणा आणि दाह कमी आढळला. माणसे म्हणजे उंदीर नव्हेत, हे खरे. २०२२ साली चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर चाचणी झाली. आहार मोजून कमी केलेल्यांना वेळ बांधल्याने आणखी विशेष लाभ झाला नाही. तेव्हा वेळ ही जादू नव्हे. भरमसाट खाणाऱ्याला घड्याळ वाचवणार नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. दुकान बंद करून अब्बा दहाला येतात. मुले थांबतात. सर्वांचे झाल्यावर अम्मी अकराला जेवते. मुलगा बारा वाजता चहा घेऊन अभ्यासाला बसतो आणि सकाळी उपाशीपोटी शाळेत जातो. मग वर्गात डुलक्या देतो, आणि आपण म्हणतो, मुलाचे लक्ष नाही!

भगिनींनो, शेवटी जेवण्याची रीत आपल्या प्रकृतीला महाग पडते. मुलांबरोबरच जेवा. झोपण्यापूर्वी दोन-तीन तास जेवण आटोपावे. अब्बांना उशीर होणारच असेल, तर संध्याकाळी दुकानातच डबा पोचवावा आणि घरी हलके काही द्यावे. विद्यार्थ्यांनी रात्रीचा चहा सोडून पहाटेचा अभ्यास धरावा. न्याहारी चुकवू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी, आणि रोजे धरण्यापूर्वीही, डॉक्टरांना विचारावे.

हे जमेल का, असे कोणी विचारील. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेसाठी लहानथोर सारे घड्याळाकडे पाहत बसतात. एक मिनिट इकडेतिकडे होत नाही. जो समाज महिनाभर इतकी काटेकोर वेळ पाळतो, त्याला उरलेले अकरा महिने रात्रीचे जेवण तासभर अलीकडे आणणे अवघड नाही. आज रात्रीपासूनच सुरुवात करा.

खुदा हाफिज.