टोपलीतील दोन मासे आणि सममितीचा धडा

(वसई तालुक्यातील प्राथमिक शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राण्यांच्या शरीराची सममिती हा विषय मुलांपुढे बहुधा व्याख्येच्या रूपाने येतो आणि व्याख्या पाठ झाली की धडा संपतो. वसईच्या किनाऱ्यावर तरी असे होण्याचे कारण नाही. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील मुलांच्या घरी या धड्याची सामग्री रोज टोपलीतून येत असते.

शरीराचे कल्पनेने दोन भाग केले असता एक भाग दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब वाटावा, याला सममिती म्हणतात. आपल्या कपाळापासून बेंबीपर्यंत सरळ रेघ कल्पिली, तर दोन्ही बाजूंना एकेक डोळा, कान, हात व पाय येतो. असे सारखे भाग एकाच रेघेने पडतात, म्हणून ही द्विपार्श्व सममिती. गाय, कावळा, फुलपाखरू यांची रचना अशीच असते. ही सारखेपणाची गोष्ट बाहेरच्या आकाराची आहे. आत मात्र हृदय डावीकडे कललेले आणि यकृत मुख्यतः उजवीकडे असते, हेही मुलांना सांगावे.

तारामाशाचे तसे नाही. त्याचे तोंड मध्यभागी आणि भोवती बहुधा पाच भुजा असतात. कोणत्याही भुजेच्या मधून केंद्रातून जाणारी रेघ ओढली तरी सारखे भाग पडतात. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे असलेली ही अरीय सममिती. जेलीफिशचे शरीरही याच प्रकारचे. स्पंजांच्या बहुतेक जातींत मात्र असे सारखे भाग पाडता येत नाहीत.

या भेदामागे प्राण्याची राहणी आहे. जो प्राणी एका दिशेने धावतो किंवा पोहतो, त्याचे डोके पुढे व डोळे डोक्यावर असणे सोयीचे. दोन्ही बाजूंचे बळही सारखे लागते; एक बैल दुबळा असला की गाडी वाकडी जाते. पाण्याबरोबर तरंगणाऱ्या जेलीफिशला भक्ष्य कोणत्याही बाजूने भेटते, म्हणून त्याच्या सर्व बाजू सारख्या. तारामासा सरपटतो, पण कोणतीही भुजा पुढे करून.

आता टोपलीकडे वळू. पापलेट हा 2023 साली महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून घोषित झाला. त्याचे चित्र तोंडापासून शेपटीपर्यंत दुमडले की वरचा व खालचा पर जवळजवळ जुळतो आणि हीच सममिती असे मुलांना वाटते. वास्तविक ती पाठ आणि पोट यांची जुळणी होय. माशाची डावी-उजवी बाजू पाहावयाची, तर तो उभा धरून समोरून पाहिला पाहिजे. तेव्हा दोन्ही अंगांना एकेक डोळा दिसतो.

त्याच्या शेजारी लेप ठेवावा. तोही चपटाच, परंतु त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाचे डोळे दोन्ही बाजूंना असतात. वाढताना एक डोळा पलीकडे सरकतो आणि लेप एका कुशीवर तळाशी पडून राहू लागतो. पापलेट उभे पोहते, लेप आडवा राहतो. दोघांच्या चपटेपणातील हा भेद एका प्रश्नाने उलगडतो: डोळे कोठे आहेत?

शिक्षकांनी हा प्रश्न विचारावा आणि उत्तर मुलांनीच शोधावे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर सहल नेता येईल. भरतीच्या वेळा जाणणारे पालक सोबत असावेत, याची व्यवस्था पंचायत सदस्यांनी पाहावी. जेलीफिशला हात लावू देऊ नये आणि जिवंत तारामासा वर्गात न आणता जेथल्या तेथे राहू द्यावा.

मासळी निवडून वेगळी करणाऱ्या आईजवळ बसून वाढलेले मूल लेप आणि पापलेट क्षणात ओळखते. त्याचे हे ज्ञान शाळेबाहेर ठेवून त्याच्याकडून केवळ व्याख्येची अपेक्षा करणे न्यायाचे नाही. त्याच्या ओळखीच्या माशापासून धडा सुरू करावा. व्याख्या मग त्याच्याच शब्दांत येईल.