शासनाचा कान आणि ग्रामसभेचा आवाज



शासनापुढे आपली बाजू मांडण्याचा हक्क लोकशाहीत कारखानदाराला जितका, तितकाच वनवासी गावकऱ्यालाही आहे. तफावत असते ती साधनांत. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतील बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने मिळे. कारखान्याचा प्रतिनिधी मंत्रालयात पोहोचू शके. धानोरा तालुक्यातील गावकऱ्याला मुंबई फार दूर होती.

मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगट चालवून, सर्वसहमतीने ठराव करून हे अंतर कापले. वनहक्क कायदा, २००६ ने बांबूला गौण वनोपज मानले. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क लाभला. तरीही बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यास २७ एप्रिल २०११ उजाडावे लागले.

दबावगटांच्या नियमनासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. तथापि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये महत्त्वाचे धोरण आखताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे आणि प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधितांना देणे बंधनकारक आहे. यास्तव कोण भेटले व काय मागितले, याची नोंद कार्यालयांनी ठेवावी. ग्रामसभांनीही मागणी लेखी ठरावाने पाठवावी. उघडपणे मांडलेली बाजू हे निवेदन होय; आडून मांडलेली बाजू वशिला ठरते.