आराखडा शहराचा, अनुभव रहिवाशांचा



हवामान बदलत आहे ही गोष्ट आतां पुणेकरांस पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजच्या बाजूस मुसळधार पाऊस झाला आणि आंबील ओढ्याला असा लोट आला कीं, अरण्येश्वर, सहकारनगर या भागांतील कित्येक घरें पाण्यांत गेलीं. शहरांत व आसपास अनेकांचे प्राण गेले. पुढें २५ जुलै २०२४ रोजीं एकीकडे पाऊस आणि दुसरीकडे खडकवासला धरणांतून सोडलेलें पाणी, यांमुळें सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत लोक जागे होतात तों दारांत पाणी उभें होतें.

पूर, उष्मा व पाणीटंचाई यांचा बंदोबस्त काय करावा, आणि ज्या धुरामुळें हवा तापते तो कमी कसा करावा, याचा आधींच विचार करून तो कागदावर उतरवणें यास हल्लीं हवामान कृति आराखडा म्हणतात. मुंबईनें आपला आराखडा मार्च २०२२ मध्यें प्रसिद्ध केला. राज्य सरकारनें ऑक्टोबर २०२० मध्यें ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू करून शहरांना व ग्रामपंचायतींना या कामास लावलें. असा आराखडा करतांना रहिवाशांचें स्थान कोणतें, एवढाच प्रश्न आज मला आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

कोणी म्हणतील, हें काम इंजिनियरांचें व शास्त्रज्ञांचें. तेथें सामान्य माणसानें काय सांगावें? यांत अर्धेंच सत्य आहे. पाऊस मोजणें, नाल्यांतून किती पाणी वाहून जाईल याचें गणित करणें, हें तज्ज्ञांचेंच काम. परंतु पाणी प्रथम कोणत्या बोळांत शिरतें, कोणती भिंत उभी राहिल्यापासून तें तुंबूं लागलें, एप्रिलच्या दुपारीं कोणत्या पत्र्याच्या खोल्यांत म्हातारीं माणसें बसूं शकत नाहींत, हें तेथें राहणाऱ्यांनाच ठाऊक असतें. ही माहिती नकाशावर आली नाहीं, तर गणित बरोबर सुटूनही उत्तर चुकावयाचें.

पुण्याला ही गोष्ट नवी नाहीं. १८७० सालीं येथें सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हां सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें निदान पन्नास माणसांचें मुखत्यारपत्र आणावें असा तिचा नियम होता. १८७६-७७ च्या दुष्काळांत सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि ती सरकारापुढें मांडली. लोकांच्या वतीनें बोलावयाचें तर आधीं लोकांकडे जावें लागतें, हा धडा त्या पिढीनें घालून दिला आहे.

आज आपल्या हातीं त्याहून अधिक साधनें आहेत. १ जून १९९३ पासून अमलांत आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरानें १९८९ पासून अंदाजपत्रकांत नागरिकांस वांटा दिला. तीच कल्पना पुणें महापालिकेनें २००६ मध्यें स्वीकारली. क्षेत्रीय कार्यालयांत अर्ज देऊन नागरिक आपल्या भागांतील कामें सुचवूं शकतात. महापालिकेस दरवर्षीं शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवालही सादर करावा लागतो.

लोकांनीं मन लावलें तर काय होतें, हेंही आपण पाहिलें आहे. जुन्या शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हां ८० हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. समाविष्ट २३ गांवांतील टेकड्यांवर सुमारें ९७८ हेक्टरांचें जैवविविधता उद्यान राखण्याचा निर्णय २०१५ मध्यें झाला, त्यामागें नागरिकांची अनेक वर्षांची चिकाटी होती. टेकडीवर मुरलेलें पाणी ओढ्याला लोट होऊन येत नाहीं; म्हणून टेकडी राखणें हेंही पूरनिवारणच होय.

पण येथें एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. अर्ज भरणारे, हरकत लिहिणारे बहुधा आपण, म्हणजे लिहितां-वाचतां येणारे व थोडी सवड असणारे लोक. आपल्या सूचना बहुधा आपल्याच गल्लीच्या असतात: पदपथ, बांकें, दिवे. ओढ्याकांठच्या वस्तींतील बाई मोलमजुरी करून सांजवेळीं घरीं येते, तेव्हां क्षेत्रीय कार्यालय बंद झालेलें असतें. पूर मात्र प्रथम तिच्याच घरांत शिरतो. तिचें म्हणणें ज्यांत नाहीं तो आराखडा कितीही सुबक छापला तरी अपुराच. आपल्या दारांतून कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कष्टकऱ्यांचेंही तसेंच. ओला कचरा ढिगाऱ्यांत कुजला म्हणजे मिथेन वायु सुटतो आणि तो हवा तापवतो. तेव्हां ओला व सुका कचरा वेगळा करणाऱ्या या स्त्रियांचें काम आराखड्याच्या ऐन गाभ्यांतलें आहे. त्यांना सल्ला विचारावयास नको काय?

महापालिकेनेंही केवळ सूचना मागवून थांबूं नये. सभा वस्तींत, लोकांच्या सवडीच्या वेळीं भरावी, मसुदा सोप्या मराठींत असावा, आणि कोणती सूचना घेतली, कोणती कां नाकारली, हें लेखी कळवावें. उत्तर न मिळालेला माणूस पुढच्या खेपेस विचारावयासही येत नाहीं. मार्च २०२२ पासून पुढें दीर्घ काळ पुण्याचा कारभार निवडलेल्या नगरसेवकांवांचून चालला; अशा वेळीं तर या लेखी उत्तराची गरज दुप्पट असते.

आपल्याकडून मी तीन गोष्टींची अपेक्षा करतों. येत्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या भागांत पाणी कोठें साचतें, तें शेजाऱ्यांस व जवळच्या वस्तींतील लोकांस विचारून एका कागदावर उतरवावें. तो कागद अनेकांच्या सह्यांनिशीं क्षेत्रीय कार्यालयांत द्यावा आणि पोंच घ्यावी. दोन महिन्यांनीं जाऊन उत्तर मागावें. यासाठीं विद्वत्ता लागत नाहीं. पाय झिजवण्याची तयारी मात्र लागते. ती पुणेकरांत आहे, असा माझा विश्वास आहे.