दाताला गाव हवं

शार्कच्या जीवाश्म दातांचा हा विषय जाहीर झाल्यावर मला पहिला प्रश्न आला तो असा: आपल्या ठाण्यातल्या खोपटमध्ये पाया खणताना शार्कचा दात मिळेल का? नाही मिळणार. आपण बसलो आहोत ते बसाल्टवर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर. लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळ साचला तिथे, म्हणजे वरळीला, बेडकांचे जीवाश्म मिळाले. पण ते गोड्या पाण्यातले.

मात्र ठाण्यातला हाच आग्रा रोड धरा. धुळं, सेंधवा मागे टाकून खलघाटला नर्मदा लागते आणि तिथून पश्चिमेला बाघ, लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं, पूर्वी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातलं गाव. त्या परिसरात लाव्हाच्या खालचे थर उघडे पडले आहेत. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, आणि त्या थरांत शार्कचे दात आहेत.

दातच का? शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असतो तशा लवचीक पदार्थाचा. तो कुजून जातो. दात मात्र कठीण, आणि जन्मभर एक पडला की मागचा पुढे येतो. एकच मासा हजारो दात समुद्रतळावर टाकून जातो.

बाघच्या थरांतले दोन दात शेजारी ठेवून पाहा. स्क्वालिकोरॅक्सचा दात त्रिकोणी, कडेला करवतीसारखे बारीक दाते. हा मांस कापणारा. टायकोडसचा दात बसका, माथ्यावर आडव्या वळ्या. हा शिंपले भरडणारा. त्याच थरांत कालवं आणि समुद्री साळूही मिळतात, म्हणजे भक्ष्य आणि भक्षक दोघांचीही हजेरी लागलेली. टायकोडसची तिथली जात युरोपातल्या खडूच्या थरांतही सापडते. नर्मदेच्या खोऱ्यात शिरलेलं पाणी दूरच्या समुद्रांशी जोडलेलं होतं, हे त्या दातावरून कळतं.

हे सगळं कळलं, कारण तो दात कुठल्या थरातून आला ते नोंदलेलं होतं. माझा सगळा आग्रह इथेच आहे. आज मेगालोडॉनचे, तळहाताएवढे दात ऑनलाइन सहज विकत मिळतात. हा राक्षसी शार्क सुमारे 36 लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला. दात खराही असेल, पण सोबत गाव नाही, थर नाही, तर अभ्यासाच्या दृष्टीने तो मुका आहे. असा दात मी घेणार नाही. युरोपात एके काळीही असे जीवाश्म दात, दगड समजून, विषावर उतारा म्हणून विकले जात. 1666 मध्ये इटलीत पकडलेल्या शार्कचं डोकं निकोलस स्टेनो या शरीररचनाशास्त्रज्ञाने फाडून पाहिलं, तेव्हा त्या 'दगडां'चं मूळ त्याने दाखवून दिलं.

तरुण मंडळींपैकी कुणी बाघला जाणार असाल तर एवढं करा. तिथलं डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान संरक्षित आहे, तिथून खडाही उचलायचा नाही. इतरत्र दात दिसला तर आधी जागेवरच फोटो घ्या, शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा. दगडाचा रंग, वर काय, खाली काय, हे वहीत लिहा. मग भूविज्ञानाच्या एखाद्या प्राध्यापकाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. खोदून काढायची घाई करू नका. मुळाचा भाग ठिसूळ असतो आणि जात ओळखायला तोही लागतो.