दोन्ही बाजूंचा वकील

(नया नगर, मीरा रोड येथे कामकरी स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



इथे बसलेल्या निम्म्याहून अधिक जणींशी मी एरवी हिंदीतच बोलते. आज भाईंदरच्या आणि काशीमिऱ्याच्या मैत्रिणीही आल्या आहेत, म्हणून मराठीत बोलते. कुठे अडले तर शेजारणीला विचारा, नाहीतर मला सरळ थांबवा.

मला विषय दिला आहे ‘कामगार कायदा आणि स्त्रिया’. नुसती कलमे वाचली तर तुम्ही जांभया द्याल. म्हणून मी एका वकिलाची गोष्ट सांगणार आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीची.

काही वर्षांपूर्वी याच वस्तीतली एक बाई माझ्याकडे आली. तिचे नाव सांगत नाही, आपण तिला आपा म्हणू. भाईंदर पूर्वेला एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात ती चार वर्षे पॅकिंगला होती. पाचवा महिना लागला, पोट दिसायला लागले, तशी सुपरवायझरने सांगितले, उद्यापासून येऊ नकोस. नोटीस नाही, चिठ्ठी नाही, हिशेब नाही.

मी समाजकार्यात एम. ए. केलेले. मुलाखत कशी घ्यायची, धीर कसा द्यायचा, हे शिकले होते. पण नुसत्या धीरावर कुणाच्या घरची चूल पेटत नाही. म्हणून ओळखीने एका वकिलांकडे गेलो. तिथे कळले की त्यांनी पहिली पंधरा वर्षे युनियनच्या केसेस लढवल्या आणि पुढे कंपन्यांच्या घेतल्या. आता दोन्हीकडच्या घेतात. हे ऐकून मी आपाला घेऊन उठणारच होते. सकाळी मालकाचे मीठ खाणारा माणूस संध्याकाळी आमची बाजू काय मांडणार?

पण वकीलसाहेबांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. हजेरी कुठे लागते? पगार कोण देतो, मालक की मुकादम? पैसे घेताना सही कशावर करतेस? ईएसआयचे कार्ड आहे का? गेटवर नाव लिहितात का? सोबत काम करणारी कुणी साक्षीला येईल का? आपाकडे यातल्या कशाचेच उत्तर नव्हते. ती सारखी एकच सांगत होती, मी चार वर्षे काम केले आहे, सगळ्यांना माहीत आहे. त्यावर ते शांतपणे म्हणाले, मालकाकडून उभा असतो तेव्हा बाईला मी हेच प्रश्न विचारतो, आणि ती हेच उत्तर देते. मग मी कोर्टाला सांगतो की ही बाई आमची कामगारच नाही.

मला राग आला. पण त्या अर्ध्या तासात मी जे शिकले ते दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शिकले नव्हते. आपण हरतो कुठे, हे समोरच्या बाकावर बसणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

वकील आणि कामगार यांचे हे नाते कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वकिलांना मुद्दाम लांब ठेवले होते. समेट अधिकाऱ्यापुढे वकील आणायला बंदी होती. कामगार न्यायालयात वकील उभा करायचा तर समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी, दोन्ही लागत. विचार असा की मालक मोठा वकील विकत घेईल, कामगाराला ते परवडणार नाही. पण वाट निघालीच. मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी म्हणून वकील हजर राहू लागले, आणि १९७६ साली पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. इकडे कामगारांचे वकीलही युनियनचे पदाधिकारी म्हणून उभे राहत. पण ज्या बाईला युनियनच नाही, तिच्यासाठी कोण पदाधिकारी होणार?

आता एका बाईचे नाव मात्र मी घेणार आहे, कारण ते न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. ऑड्री डिकोस्टा. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ती स्टेनोग्राफर होती. टायपिंग तेच, शॉर्टहँड तेच, पण ‘लेडी स्टेनोग्राफर’ म्हणून बायकांना पुरुषांपेक्षा कमी पगार. १३ जून १९७७ ला तिची नोकरी गेली. तिने १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. कंपनीने काय सांगावे? हा पगार आम्ही युनियनबरोबर करार करून ठरवला आहे. आणि ते खरे होते. १९७५ च्या करारावर युनियनची सही होती. ज्या अधिकाऱ्यापुढे अर्ज गेला त्यानेही या कराराकडे बोट दाखवून तो फेटाळला. ती अपिलात गेली, जिंकली. कंपनी उच्च न्यायालयात गेली, तिथे दोनदा हरली, मग सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ मार्च १९८७ ला निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की काम सारखे असेल तर करार दाखवून बाईचा पगार कमी ठेवता येणार नाही, आणि पैसे परवडत नाहीत ही सबबही चालणार नाही.

फरकाची रक्कम किती होती माहीत आहे? ७,१९६ रुपये ६७ पैसे. त्यासाठी जवळजवळ दहा वर्षे! मधेच कुणीतरी तिला सांगितले असते की बाई, पाच हजार घे आणि सोडून दे, आणि तिने ते घेतले असते, तर तिला कुणी दोष दिला नसता. पण मग तो निकालही झाला नसता.

असेच १९६५ चे. मुंबईतल्या एका औषध कंपनीचा नियम होता की पॅकिंगमधल्या मुलीचे लग्न झाले की तिची नोकरी संपली. कारण काय, तर विवाहित बायका फार खाडे करतात. युनियनने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि तो नियम रद्द झाला. म्हणजे युनियन बाईच्या विरोधात सही करते तशी बाईसाठी लढतेही. ती काय करते हे त्या युनियनमध्ये बायका किती आणि त्यांचा आवाज किती, यावर ठरते.

आणि बाळंतपणाच्या रजेबद्दल म्हणाल तर ही काही कुणाची मेहेरबानी नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आले, तेव्हा बॅरिस्टर असलेले बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. पुढे ८ मार्च २००० ला, म्हणजे महिला दिनालाच, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात सांगितले की रोजंदारीवरच्या बाईलाही हा लाभ मिळाला पाहिजे. रस्त्यावर खडी फोडणारी बाई ऑफिसातल्या बाईइतकीच आई असते.

आता माझ्या चुकीकडे येते. वकीलसाहेबांनी मालकाला पत्र पाठवले. मालक घाबरला नाही, पण कंटाळला. बैठक झाली. त्याने काही रक्कम पुढे केली. आपाचे दिवस भरत आले होते, नवरा रिक्षा चालवणारा, घरभाडे थकलेले. वकीलसाहेब म्हणाले, केस केली तर किती वर्षे लागतील सांगता येत नाही, आणि पुरावा तर नाहीच. खोटे काही बोलले नाहीत. कागद तयार झाला. त्यात लिहिले होते, ‘मी स्वखुशीने काम सोडत आहे, माझी कोणतीही मागणी उरलेली नाही.’ मी तो वाचला. आपाने माझ्या तोंडाकडे पाहिले. मी मान हलवली आणि तिने सही केली.

पैसे मिळाले, बाळंतपण नीट झाले. मी माझ्या वहीत लिहिले, प्रकरण यशस्वीपणे मिटले. तीन महिन्यांनी त्याच गाळ्यातली दुसरी एक बाई मला रस्त्यात भेटली. तिलाही दिवस गेले होते. ती पोटाला ओढणी घट्ट बांधून कामावर जात होती. म्हणाली, आपाने स्वतःच काम सोडले असे मालक सगळ्यांना सांगतो, कागद दाखवतो. त्या कागदावर माझ्यादेखत सही झाली होती.

पैसे घेतले ही आपाची चूक नव्हती, तिला गरज होती. वकिलांनी त्यांचे काम केले. ते आलेला माणूस पाहतात, त्याचे प्रकरण मिटवतात, पुढचे हातात घेतात. पण मी वकील नव्हते. गाळ्यातल्या बाकीच्या बायकांना भेटणे, त्यांना बैठकीला नेणे, निदान ‘स्वखुशीने’ हा शब्द खोडायला लावणे, हे माझे काम होते. मी सगळे वकिलावर सोपवले. वकील आपल्याही बाजूचा असू शकतो, समोरच्याही. आपली बाजू मात्र आपल्यालाच धरून ठेवावी लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता आल्या आहेत. त्यातले दोन मुद्दे लक्षात ठेवा. काढून टाकल्यावर दाद मागायची मुदत १९४७ च्या कायद्यात तीन वर्षांची होती, ती आता दोन वर्षांवर आली आहे. म्हणून ‘बघू नंतर’ म्हणू नका. आणि दहा किंवा जास्त माणसे असतील तिथे नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ते मागा, पण एकटीने नको, पाच-सहा जणी मिळून मागा. बाळंतपणाच्या लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. ते ८० दिवस सिद्ध कसे करणार?

म्हणून आजपासून प्रत्येकीने एक वही करा. कामाचे दिवस, वेळ, मिळालेले पैसे, देणाऱ्याचे नाव रोज लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. मालकाकडून आलेला मोबाइलवरचा निरोप पुसू नका. दुसरीच्या वहीत तुमचे नाव येऊ द्या, तुमच्या वहीत तिचे. आणि न वाचलेल्या, न समजलेल्या कागदावर सही करू नका, मी शेजारी बसून मान हलवली तरीसुद्धा.

पुढच्या रविवारी इथेच बसू. ज्यांच्याकडे जे काही कागद आहेत ते घेऊन या. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी तर नक्की या. आता माझे बोलणे पुरे, तुमचे प्रश्न घेऊ.