कानातला आवाज आणि आपलं अर्धं उत्तर



इंदुरात कानांविषयी बोलायचं तर गिरण्यांपासूनच सुरुवात करायला हवी. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या गिरण्यांनी हे शहर वाढवलं. अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्याही त्यांच्याच कामगारांच्या. विणकाम खात्यात धोट्याच्या मागांचा आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. त्यात आठ तासांची पाळी. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१मध्ये बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपये सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. देणी मिळाली. पण माग थांबून तीस वर्षं उलटल्यावरही त्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या कानात काहीतरी वाजतंच आहे. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिडे, कुणाला कुकरची वाफ. सोबत आलेला मुलगा सांगतो, ‘बाबांना कमी ऐकू येतं.’ बाबा म्हणतात, ‘ते राहू द्या हो, आधी हा आवाज बंद करा.’

त्यांना आपण डॉक्टर आणि श्रवणतज्ज्ञ काय सांगतो? ‘वयाचं आहे, याला औषध नाही, सवय करून घ्या.’ मला आज या एका उत्तराबद्दलच बोलायचं आहे. औषध नाही, हे खरं. कर्णनाद, म्हणजे कानातला हा आवाज, हमखास थांबवणारी गोळी अजून निघालेली नाही. त्यासाठी जिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्या देऊ नयेत, अशी शिफारस अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४मध्येच केली आहे. पण औषध नाही म्हणजे उपचार नाही, असा अर्थ पेशंट घरी घेऊन जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. आपण अर्धंच उत्तर देतो, म्हणून तो तसा अर्थ काढतो.

कॉक्लिआतल्या, म्हणजे अंतर्कर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटानं गेलेल्या कानाच्या ऑडिओग्राममध्ये ४,००० हर्ट्झच्या आसपास पडलेला खड्डा आपण रोज पाहतो. त्या पट्टीतली खबर मेंदूपर्यंत पोहोचेनाशी झाली की मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवतो, आणि तीच वाढ आवाज म्हणून जाणवते, असं आज बहुतेक संशोधक मानतात. म्हणून पेशंटची शिट्टी बहुधा जिथलं ऐकणं गेलं त्याच पट्टीत सापडते. आणि मोजायला गेलं तर ती ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा अनेकदा जेमतेम पाच-दहा डेसिबलच वर असते. एवढ्याशा आवाजानं झोप उडते ती भीतीमुळे: डोक्यात गाठ तर नसेल? ठार बहिरा तर होणार नाही? खरं तर पूर्ण शांततेत धडधाकट कानालाही आवाज येतो: हेलर आणि बर्गमन यांनी १९५३मध्ये चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यातल्या ९४ टक्क्यांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. म्हणून शांतता आपल्या पेशंटची मित्र नाही, हे घरच्यांना समजावून सांगायला हवं. रात्री पंखा चालू असू द्या, रेडिओ बारीक लावून ठेवा.

आता श्रवणयंत्र. कर्णनादासाठी ते वापरल्याचा निबंध १९४७ सालचा आहे, म्हणजे कल्पना नवी नाही. पुरावा अजून हवा तितका भक्कम नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. तरी ज्याला ऐकू कमी येतं आणि कानात आवाजही येतो, त्याला यंत्र द्यावं, आणि ज्याचं ऐकणं शाबूत आहे त्याच्या गळ्यात ते मारू नये, असंच ब्रिटनची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. यंत्र शिट्टी बंद करत नाही. ते बाहेरचं जग परत आणतं, आणि त्यात शिट्टी मागे पडते.

मात्र ते नीट बसवलं तर. खर्जातलं ऐकू चांगलं येत असताना कान घट्ट साच्यानं बुजवला, तर पेशंटला स्वतःचा आवाज घुमल्यासारखा होतो आणि शिट्टी आणखी चढते. अशांना उघडा डोम, म्हणजे कान न बुजवणारं टोक, द्या. आजूबाजूचे बारीक आवाज दाबणारी सोय इतर वेळी उपयोगाची असते, कर्णनादात ती कमी किंवा बंद करावी लागते, कारण आपल्याला तेच बारीक आवाज हवे असतात. पहिल्या दिवशी कागदाची सळसळ आणि भांड्यांचा खणखणाट अंगावर येतो. त्या आठवड्यात कुणी विचारपूस केली नाही, तर हजारो रुपयांचं यंत्र कपाटात जातं. ‘मशीन चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा न झालेली दुसरी भेट असते.

एकाच कानातला आवाज, नाडीबरोबर ठोके देणारा आवाज, अचानक गेलेलं ऐकणं, ही मात्र वेगळी वाट आहे. तिथे यंत्राची भाषा नको, तातडीनं तपासणी हवी.

आणि जे कान अजून वाचवता येतील त्यांचं काय? पीथमपूरच्या कारखान्यांत आज जी मुलं उभी आहेत, त्यांच्यासाठी कायद्यानं आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा घातली आहे. कानात इअरप्लग घातल्याशिवाय यंत्रापाशी जाऊ नका, हे त्यांना आजच सांगायला हवं.

माझी मागणी एवढीच आहे. ऑडिओग्राम काढल्याशिवाय कुणालाही ‘सवय करून घ्या’ म्हणू नका. यंत्र दिलंत तर दोन आठवड्यांत स्वतः फोन करून बोलावून घ्या. झोप उडालेल्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला संकोचू नका. आणि परदेशीपुरा, नंदानगर या कामगार वस्त्यांमध्ये जुन्या गिरणी कामगारांसाठी श्रवण-तपासणीची शिबिरं घ्यायची आहेत. त्यासाठी ज्यांना महिन्यातला एक रविवार देता येईल, त्यांनी सभागृह सोडण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या वहीत आपलं नाव लिहावं.